काळ्या दगडावरून सोपाऱ्याकडे

वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या कुठल्याही उंच इमारतीच्या गच्चीवर जाऊन पूर्वेला तोंड केलं, की तुंगारेश्वरचा डोंगर दिसतो. पावसाळ्यात तो ढगात बुडालेला असतो, हिवाळ्यातल्या सकाळी निळसर दिसतो आणि मार्च उलटला की तपकिरी. आपण मात्र रोज लोकल गाठायला स्टेशनच्या दिशेने पळतो, त्यामुळे त्याच्याकडे आपली पाठच असते. सुट्टी लागली की आमच्या कॉलनीतली माणसं सिमल्याला जातात, केरळला जातात, आता तर इटलीलाही जातात. एटनाच्या उतारावर चालायचं, पाँपेईचे अवशेष बघायचे, अशा सहली निघतात आणि त्या उत्तमच असतात. पण ज्वालामुखीने घडवलेली जमीन, तिच्यावरचा दोन हजार वर्षांहून जुना इतिहास आणि हे सगळं पायी पालथं घालता येईल एवढंच अंतर, असं तिन्ही एकत्र हवं असेल तर ते आपल्या गच्चीवरून दिसतं. गेल्या हिवाळ्यात मी माझ्या भाचीला घेऊन हा मुलूख चालत पाहिला. ती भूशास्त्र शिकते, मी शाळेत इतिहास शिकवत होते. ती दगड बघायची, मी दगडावरची अक्षरं. चालता चालता दोघींच्याही लक्षात आलं, की इथला दगड आणि इथला इतिहास वेगवेगळे वाचताच येत नाहीत.

उजाडता उजाडता आम्ही निघालो. गोखिवरे, रेंज ऑफिसचा नाका, मग सातिवलीचे गाळे. एवढ्या लवकरही टेम्पो भरले जात होते आणि चहाच्या टपरीवर रात्रपाळीची पोरं बसली होती. मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडणं हा सगळ्या वाटेतला सर्वांत जिवावरचा टप्पा. तो पार केला, वनखात्याच्या नाक्यावर तिकीट काढलं आणि थोडं पुढे गेल्यावर ट्रकचे आवाज मागे राहिले. तुंगारेश्वरला २००३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर. दक्षिणेचं बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि पूर्वेचं तानसा अभयारण्य यांना जोडणारा हा हिरवा दुवा आहे. बिबट्याच्या दृष्टीने पाहिलं तर या तिघांचं मिळून एकच रान होतं. साग, ऐन, कुडा, मोह, पळस आणि उतारांवर दाट कारवी. मंदिरापर्यंतची वाट तीन-चार किलोमीटरची, आणि ती ओढे ओलांडत जाते.

पहिल्याच ओढ्यात भाचीने पाठपिशवी खाली ठेवली. "मावशी, बूट काढ आणि पात्रात ये," ती म्हणाली. पाणी घोट्याएवढं होतं. तळाचा खडक काळा, मध्येच करड्या झाकेचा, आणि त्यावर बारीक भोकंच भोकं. "लाव्हा वर आला तेव्हा त्याच्यात वायू होता. वायू निघून गेला, भोकं राहिली." काही भोकांमध्ये पांढरे खडे भरलेले होते. खडक थंड झाल्यावर त्याच्या फटींतून गरम पाणी फिरलं, त्या पाण्यातली खनिजं पोकळ्यांमध्ये साचली आणि त्यांचे स्फटिक झाले. पुण्या-नाशिककडच्या खाणींतून निघणारे, जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेले स्फटिक याच कुळातले.

आपल्या मनात ज्वालामुखी म्हणजे टोकदार डोंगर आणि त्याच्या डोक्यातून निघणारा धूर. दख्खनचा ज्वालामुखी तसा नव्हता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड, आज जिथे रेयुनियन बेट आहे त्या तप्त जागेवरून उत्तरेकडे सरकत होता. तेव्हा जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा वाहत राहिला. तव्यावर घावनाचं पीठ पसरावं तसा तो पसरला, निवला, आणि त्यावर पुढचा थर आला. असे थरांवर थर. आज उरलेलं क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे जवळजवळ सगळा महाराष्ट्र आणि त्याच्या शेजाऱ्यांचाही बराच भाग.

दोन थरांच्या मधे कधी कधी बरीच वर्षं शांततेत जात. तेवढ्या काळात वरचा खडक कुजून त्याची माती होई. पुढचा लाव्हा तिच्यावर आला की ती भाजून निघे. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे काळ्या खडकात एखादा विटकरी पट्टा दिसतो, तो हाच. या पट्ट्याला मी एवढं महत्त्व का देते, तर सह्याद्रीतल्या माणसाचं पाणी त्याच्यावर अवलंबून आहे. पावसाचं पाणी वरच्या थराच्या भेगांतून झिरपत खाली येतं, या चिकण पट्ट्याशी अडतं आणि आडवं वाहत डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. ज्यांनी लेणी कोरली, गडांवर टाकी खोदली, त्यांना लाव्हा ठाऊक नव्हता. पण पाणी कुठे थांबतं आणि कुठला थर ते धरून ठेवतो, हे त्यांना पक्कं कळत होतं.

मंदिरात सोमवार नसल्यामुळे गर्दी नव्हती. बाहेर एक आदिवासी बाई आवळे आणि बोरं घेऊन बसली होती. "वर जाताय का ताई? ऊन व्हायच्या आत परता," तिने सांगितलं आणि पैसे दिले त्यापेक्षा मूठभर जास्त आवळे टाकले. तुंगारेश्वराची कथा परशुरामाशी जोडलेली आहे. मंदिराच्या वर परशुरामकुंड आहे, आणि खालच्या मैदानातलं सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक, हे तर परशुरामाचंच क्षेत्र. त्याने समुद्र मागे हटवून ही जमीन काढली, असं पुराणं सांगतात. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेला निघालेले पांडव शूर्पारकाला येऊन पुढे प्रभासला जातात. मला ही कथा फार आवडते, कारण ती जमिनीकडे नीट बघणाऱ्या माणसांनी रचलेली आहे. डोंगर जुना, त्याखालचं मैदान नवं, खाडीच्या गाळाचं आणि समुद्राच्या वाळूचं. ही जागा कधी पाण्याखाली होती, हे त्यांनी ओळखलं होतं.

वरच्या धारेवरून पश्चिमेला सगळं एका नजरेत येतं. पायथ्याला कारखान्यांचे पत्रे, मग वसई, नालासोपारा, विरार अशी इमारतींची सलग रांग, तिच्यापलीकडे वाड्यांचा गर्द पट्टा आणि शेवटी समुद्र. दक्षिणेला वसईची खाडी आणि तिच्या पल्याड साष्टीचे डोंगर. भाचीने आणखी एक गोष्ट सांगितली. घाटमाथ्यावर लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे असतात. किनाऱ्याकडे येताना मात्र ते पश्चिमेला, समुद्राकडे कललेले आहेत. भारत आणि सेशेल्स एकमेकांपासून तुटले, पश्चिमेकडची जमीन खचली आणि थर वाकले. अरबी समुद्र आपल्या दारात आला तो या घडामोडीमुळे. किनारा झाला, किनाऱ्यात खाड्या शिरल्या, खाडीच्या आत गलबतांना निवारा मिळाला, आणि त्या निवाऱ्याला सोपारा वसलं. तिथे बसून आम्ही सुकेळी खाल्ली. पायी भटकणाऱ्याच्या खिशात वसईच्या सुकेळीसारखा दुसरा खाऊ नाही. राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवलेली, दोन खाल्ली की पुढचे दोन तास पाय कुरकुरत नाहीत.

डोंगराच्या पूर्वेची बाजू आम्ही वेगळ्या दिवशी, शिरसाड-पारोळच्या रस्त्याने केली. थोडं एसटीने, थोडं पायी. उद्देश होता वज्रेश्वरी आणि गणेशपुरी. तानसा नदीच्या काठाने, अकलोलीला तर थेट पात्रात, गरम पाण्याचे झरे आहेत. देवीने मारलेल्या दैत्यांच्या रक्ताने पाणी तापलं अशी श्रद्धा आहे, आणि ज्वालामुखी अजून आत धगधगतो आहे असंही बरेच जण सांगतात. दख्खनचा लाव्हा मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वीच निवला. इथलं पाणी तापतं ते खोलवर गेल्यामुळे. पावसाचं पाणी खडकातल्या मोठ्या भेगांमधून खूप खाली उतरतं, तिथल्या पृथ्वीच्या उष्णतेने तापतं आणि तशाच भेगांनी वर येतं. पालघरपासून रत्नागिरीपर्यंत, तुरळ, राजापूर अशी या झऱ्यांची माळच कोकणपट्टीत आहे. वज्रेश्वरीचं देऊळ मराठ्यांच्या वसईविजयाशी जोडलेलं आहे. चिमाजी आप्पांनी वसईच्या मोहिमेत नवस केला आणि मे १७३९ मध्ये किल्ला हाती आल्यावर देऊळ बांधवलं. ५२ पायऱ्या चढून वर गेलं की बुरुजासारख्या तटाच्या आत देवी. आम्ही कुंडात पाय सोडून बसलो. चालून दुखणाऱ्या पावलांना त्या पाण्याने जो आराम मिळाला, तो कुठल्याही मलमाने मिळाला नसता.

पण या सगळ्या वाटांचं टोक माझ्या मनात पहिल्यापासून सोपाराच होतं.

नालासोपारा पश्चिमेला रिक्षावाल्याला "बौद्ध स्तूप" म्हटलं तर तो नेतो. आम्ही चालतच गेलो. दुकानं, शाळा, चाळी, मग एकदम ताडाची झाडं आणि मोकळी जागा. बुरूड राजाचा कोट या नावाने लोक ती टेकडी ओळखत आले. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ती मधोमध खणली. भगवानलाल जुनागढचे. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचा शिलालेख आहे आणि त्या लेखाच्या ओढीनेच ते ब्राह्मी लिपी शिकले. पुढे मुंबईला येऊन भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर त्यांनी काम केलं, देशभर फिरून लेखांचे ठसे घेतले, नाणेघाट पिंजून काढला. असा माणूस सोपाऱ्याला लाभला हे सोपाऱ्याचं भाग्य.

विटांच्या त्या स्तूपाच्या पोटात एक मोठी दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे लहान तुकडे होते. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून कुणीतरी ते जपले होते. भोवती सोन्याची फुलं, रत्नं, आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याचं चांदीचं नाणं. तांब्याच्या करंडकाभोवती आठ ब्राँझमूर्ती बसवलेल्या होत्या, सात मानुषी बुद्ध आणि येणारा मैत्रेय. या मूर्तींची घडण नाण्याच्या काळाहून कित्येक शतकं नंतरची आहे. म्हणजे मध्यंतरी केव्हा तरी स्तूप उघडून, त्यात भर घालून, श्रद्धेने पुन्हा बंद केला असला पाहिजे. एवढी शतकं एका जागेची आठवण धरून ठेवणारं गाव साधं नसतं. तो ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

त्याच वर्षी भगवानलालांना भाटेला तळ्याजवळ काळ्या दगडाचा एक फुटका तुकडा मिळाला. त्यावर ब्राह्मी अक्षरं होती. गिरनार ज्याला पाठ होतं त्याला वेळ लागला नाही. तो अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा भाग होता.

हा आठवा लेख काय सांगतो? पूर्वीचे राजे विहारयात्रांना निघत, शिकार करत, मौज करत. आपल्या राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर आपण संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो, आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या, असं अशोक सांगतो. त्या यात्रांमध्ये श्रमणब्राह्मणांना भेटायचं, वृद्धांना भेटून त्यांना धन द्यायचं, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटायचं, त्यांच्याशी धम्माबद्दल बोलायचं. त्यातला आनंद आधीच्या सगळ्या मौजेहून अधिक, असा त्याचा अनुभव. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या सम्राटाने प्रवास कशासाठी करायचा हे दगडावर कोरून ठेवलं, आणि तो दगड वसई तालुक्यात सापडला. मी वर्गात वर्षानुवर्षं अशोक शिकवला. पण तळ्याच्या त्या परिसरात उभं राहून भाचीला हा मजकूर सांगताना माझा गळा दाटून आला.

पुढे १९५६ मध्ये भुईगावला, समुद्राजवळ, नवव्या लेखाचा तुकडा सापडला. तोही याच काळ्या दगडावर, म्हणजे बसाल्टवरच. त्यात अशोक म्हणतो, आजारपण, मुलांची लग्नं, बाळाचा जन्म, प्रवासाला निघणं अशा वेळी लोक तऱ्हेतऱ्हेचे विधी करतात, त्यांचं फळ थोडं. खरं मंगल म्हणजे दासांशी आणि नोकरांशी नीट वागणं, गुरुजनांचा मान राखणं, जिवांच्या बाबतीत संयम. हे दोन्ही तुकडे आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. आठवा आणि नववा मिळाला, म्हणजे बाकीचे लेखही इथे उभे असणार. अपरान्ताची, म्हणजे प्राचीन उत्तर कोकणाची, राजधानी म्हणावं अशा या बंदरावर येणारा व्यापारी, खलाशी, भिक्खू, सगळ्यांच्या नजरेला पडतील असे.

आणि येणाऱ्यांची रांग मोठी होती. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेत, पेरिप्लसमध्ये, सोपाऱ्याचं नाव आहे. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीकडेही आहे. सिंहली परंपरेत राजपुत्र विजय लंकेला पोहोचण्याआधी सुप्पारकला उतरतो. बौद्ध कथांमधला पूर्ण हा व्यापारी इथलाच, जो भिक्खू झाला आणि आपल्या माणसांत परतला. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताच्या दानांच्या यादीत शूर्पारक येतं. सोपाऱ्याहून कल्याण, तिथून नाणेघाट चढून जुन्नर, पुढे पैठण, अशी ती मालाची वाट. नाणेघाट म्हणजे पुन्हा तोच लाव्ह्याचा कडा, फोडून केलेला. माथ्यावर सातवाहन राणी नागनिकेचा लेख.

स्तूपावर आज विटांचा उंचवटा, भोवती कुंपण आणि सावलीला झाडं आहेत. आम्ही गेलो तेव्हा नागपूरकडचं एक कुटुंब आलं होतं. आजींनी मेणबत्ती लावली, नातवंडांना हात जोडायला लावले. "एवढ्या लांबून आलो, लेकी," त्या मला म्हणाल्या, "तुमचं बरं, तुम्हाला घराजवळच आहे." तिथून चक्रेश्वराच्या तळ्याकडे गेलो. देवळाच्या आवारात जुन्या मूर्ती आहेत आणि त्यांत ब्रह्मदेवाची एक देखणी, उभी मूर्ती. ब्रह्मदेवाच्या मूर्ती मुळातच कमी, त्यातही अशी घोटीव क्वचित. तिच्यासमोर आम्ही बराच वेळ थांबलो.

कान्हेरी राहिली होती, ती एका रविवारी केली. वसईहून गाडी खाडीचा पूल ओलांडते, बोरिवलीला उतरायचं आणि राष्ट्रीय उद्यानातून चालत वर जायचं. शंभराहून अधिक लेणी, इसवीसनापूर्वी पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं नांदलेली. दात्यांमध्ये कल्याणची माणसं आहेत, सोपाऱ्याची आहेत. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याचं टाकं खोदवलं, ते त्याच्या लेखासह आजही आहे. भाची मात्र भिंतीला नाक लावून उभी होती. "मावशी, हा तुंगारेश्वरचा दगड नाही." तिने बोटाने दाखवलं. खडकात वेगवेगळ्या आकाराचे कोनदार तुकडे एकमेकांत रुतलेले होते. ज्वालामुखीच्या स्फोटात फुटलेले खडक राखेत मिसळून घट्ट झाले, तो हा थर. एकसंध, बसाल्टपेक्षा छिन्नीला नरम, आणि लाव्ह्यासारखा उभ्या चिरा पडून सुटणारा नाही. जोगेश्वरी, महाकाली, मंडपेश्वर ही लेणीही अशाच दगडातली. भिक्खूंनी आणि कारागिरांनी डोंगर निवडला तो एकांतासाठी तर खराच, पण हाताखाली कुठला दगड येतो हे पारखूनही. त्याच्या उलट उदाहरण अंधेरीची गिल्बर्ट टेकडी. तिथे लाव्हा निवताना आक्रसला आणि त्याचे जवळपास दोनशे फूट उंचीचे सरळसोट खांब झाले. त्यात कुणी लेणं कोरलं नसतं.

वसईच्या दगडाची कथा वसईत संपतही नाही. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि दोनशे वर्षं राहिली. या काळात इथला काळा दगड जहाजांतून गोव्याला जात होता. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस चर्चची बाकीची बांधणी जांभ्याची, पण दर्शनी भागातला कोरीव बसाल्ट वसईहून नेलेला आहे. चर्चचं काम १५९४ मध्ये सुरू झालं, १६०५ मध्ये पूर्ण झालं. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला जगभरातून येणारी माणसं आपल्या डोंगरांच्या दगडाखालून आत जातात.

एव्हरशाईन सिटीतल्या, आचोळ्यातल्या, गोखिवऱ्यातल्या शेजाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत मुलांना घेऊन निघा. पहिला दिवस तुंगारेश्वर. सकाळी लवकर, पाणी भरपूर, आणि अंधाराच्या आत खाली. दुसरा दिवस सोपारा, स्तूप आणि चक्रेश्वर मिळून. मग एखाद्या सुट्टीला मुंबईचं वस्तुसंग्रहालय, म्हणजे मुलांना अशोकाची अक्षरं डोळ्यांनी बघता येतील. ओढ्यात प्लास्टिक टाकू नका, भोकांतले पांढरे खडे फोडून घरी आणू नका, स्तूपाच्या विटांवर चढू नका. आणि परत आल्यावर सोसायटीच्या सभेत हा विषय काढा. डोंगरापासून सोपाऱ्यापर्यंत माणसाला निर्धास्त चालता येईल अशी एक पायवाट आणि तिच्यावर चार मराठी फलक, एवढं आपण सगळ्यांनी मिळून मागितलं पाहिजे.